पार्वतीचा डबा अजून तुझ्याच घरात आहे

शालनमावशी,

तू शुक्रवारी गेलीस आणि शनिवारी तुझ्या घरात नेपाळचं जेवण आलं. यातली एकही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

'गेलीस' हा शब्दसुद्धा मी दुसऱ्यांचा ऐकून लिहितेय. शुक्रवारी सकाळी तू फोनवर होतीस, मला झापत होतीस. "दीपे, रविवारी वरसेला येतेस का नाय ते सांग. नि तुझं लेक्चर घरी ठेवून ये." मी म्हटलं, लेक्चर घेऊनच येणार. "बरं गो बाय, रविवारी बोलू," म्हणालीस आणि ठेवलास फोन. दुपारी तुझ्या लेकाचा, सचिनचा फोन आला. पीठ कुटून झालं होतं, लाट्या पाडून झाल्या होत्या, बायका पोळपाट मांडत होत्या. तू पाण्याचा तांब्या उचलायला वाकलीस ती वर आलीच नाहीस. सचिन फोनवर तेच तेच सांगत होता, "दीपाताई, नुसती वाकली होती गो ती. नुसती वाकली होती."

मी तुझ्या घरी पोचले तेव्हा लाट्या परातीत तशाच होत्या, वर ओलं फडकं. कोणाला त्या उचलायचं सुचलं नव्हतं. मला पण नाही. आपल्या पेणमध्ये लाट्या दिसल्या की हात आपोआप जातो, तेलात बुडवून एक तोंडात पडतेच. मी त्यांच्याकडे नुसती बघत बसले.

नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली शोकाकुल म्हणून पंचवीस पोरांचे फोटो, त्यातल्या निम्म्यांना तू नावाने ओळखत नव्हतीस. तुझा जन्म, तुझं गाव, तुझा पापडाचा धंदा सगळं त्यावर आहे, त्यामुळे ते मी इथे लिहीत नाही. फोटो मात्र मी ओळखला. पार्वतीच्या गच्चीवरचा. त्यात तुझ्या हातात अर्धा खाल्लेला मोमो होता आणि तुझ्या खांद्याला खांदा लावून पार्वती हसत होती. फ्लेक्सवाल्याने पार्वतीला कापलं आणि मोमो पुसून टाकला. आता तू नाक्यावर रिकामी चिमूट धरून उभी आहेस. मी दुकानात जाऊन भांडले. तो म्हणतो, "ताई, मयताच्या फोटोत खाणं बरं दिसत नाय." तुझ्या फोटोत? तुझ्या? तुला त्याच्याशिवाय दुसरं काय बरं दिसायचं?

आपण दोघी एकाच गाडीने रोह्याला जायचो, आठवतं ना? तू पापडाची पिशवी घेऊन, मी पत्रकांची. परत येताना तुझी पिशवी रिकामी असायची, माझी तेवढीच जड. त्यावरून टोमणे मारायचीस. "तुझा माल खपत नाय गो. मीठ कमी पडतंय." मिठागरावरची पोर तू, तुझ्या प्रत्येक टोमण्यात मीठ. एकदा माझं आख्खं पत्रक वाचलंस, चष्मा लावून, शेवटच्या घोषणेपर्यंत. मी वाट बघत होते. म्हणालीस, "सगळं हाय. मीठ नाय." आणि घडी घालून पोळपाटाच्या पायाखाली सरकवलंस. पोळपाट डगमगत होता म्हणे.

पार्वती आपल्याला त्याच फेऱ्यांमध्ये भेटली. रोह्याला स्टेशनच्या रस्त्यावर तिची मोमोची गाडी. मला तिला भाडेकरूंच्या हक्कांचं पत्रक द्यायचं होतं. मी ते पुढे करायच्या आतच तू तिच्या हातांकडे बघत थांबलीस. ती कणकेची पारी लाटत होती, कडा पातळ, मधे जाड. "अगो, ही तर लाटी लाटते!" तू जवळजवळ ओरडलीस आणि तिच्या स्टुलावर जाऊन बसलीस. तिच्या हातातलं लाटणं घेतलंस. ती घाबरून हसली, "दीदी, पापड नहीं, मोमो है." तू म्हणालीस, "मालूम हाय. तू भर, मी लाटती." गिऱ्हाईकं थांबली. तू गावभर पापड विकणारी बाई, भर रस्त्यात नेपाळी गाडीवर बसून पाऱ्या लाटतेयस! मला इतकी लाज वाटली की मी पत्रक परत पिशवीत टाकलं.

त्यातून तुझी ती जगाची पंगत निघाली. जग बघायला विमान लागत नाही, रोहा-पेणमध्ये सगळं येऊन राहिलंय, फक्त आपण त्यांच्या घरी जेवायला जात नाही, एवढं तुझं म्हणणं. तुझ्या पापडवाल्या बायकांना घेऊन निघायचीस. हॉटेलात नाही, घरात. जाताना पोह्याचे पापड न्यायचे. जेवून झाल्यावर आपलं ताट आपण धुवायचं. आणि ताटावर बसून 'आमच्यात असं नसतं' म्हणायचं नाही. म्हणाली ती पुढच्या खेपेला सगळ्यांची भांडी घासणार. पहिल्या महिन्यात सगळी भांडी मीच घासली.

एलीकाकांच्या घरचा मलिदा मी तुझ्यामुळे खाल्ला. पेणमध्ये जन्म काढला आणि आपलेच पोहे, नारळ, साखर आणि फळं घालून यहुदी माणूस प्रार्थना करतो हे मला माहीत नव्हतं. त्यांची नात इस्रायलहून आली होती, तिला भात म्हणता येत नव्हतं, पण पोहे म्हणता येत होतं. रुखसानाभाभीने कुवेतचा मचबूस केला, मटण घातलेला मसालेभात, तेव्हा तू भांड्यात नाक घालून एकेक मसाला ओळखत बसलीस आणि तिच्या कुवेतहून आलेल्या नवऱ्याला तीन वेळा विचारलंस, तिकडं घाम लय येतो काय. नागोठण्याला मशीन बसवायला आलेल्या दोघा कोरियन पोरांना तू लाट्या खायला घातल्यास. तिखटाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी, तरी ते माना डोलावतायत. दुसऱ्या वेळी त्यांनी आंबवलेल्या कोबीची बरणी आणली. तू वास घेतलास, खाल्लास, आणि म्हणालीस, "पार्वतीच्या आंबवलेल्या पाल्याची बहीण हाय ही. सगळं जग आंबवतंच गो. आपणच एकटे शहाणे नाय."

मी हे सगळं खाल्लं आणि तरी तुझ्याशी भांडत राहिले. आज पण भांडणार आहे. मेलीस म्हणून मी मुद्दा सोडणार नाही.

कारण पार्वती ज्या चाळीत राहते ती तुझ्या सख्ख्या भावाची. नानांची, रोह्याजवळच्या वरसेची. यंदाच्या थंडीत पार्वतीने गच्चीवर गुंद्रुक वाळत घातलं. मुळ्याचा पाला, बाजारात भाजीवाल्या खुडून टाकतात तो गोळा करायचा, दाबून आंबवायचा, मग उन्हात वाळवायचा. आंबूस वास येतो. येतोच. चाळीतल्या बायकांनी नानांकडे तक्रार केली आणि नानांनी सांगितलं, महिनाअखेर खोली रिकामी कर. कुठे वास आला? ज्या गच्चीवर त्याच बायकांचा जवळा वाळतो, ज्या दोरीवर नानांच्या घरचे बोंबील लटकतात, त्या गच्चीवर! अख्ख्या खाडीचा वास नाकाला कळत नाही आणि मूठभर पाल्याचा कळतो. मी पत्रक काढलं, 'सुकटीला वास नाही का?' चाळीत दारोदार वाटलं. बायकांनी फाडून माझ्याच अंगावर टाकलं. एक म्हणाली, "आमच्या सुकटीचं नाव घेतेस? तुझ्या घरात काय गुलाब वाळतात?" मला अजून वाटतं, पत्रक बरोबर होतं.

मी तुला म्हटलं, भाऊ आहे तुझा, एक शब्द बोल. तू म्हणालीस, "भावाला काय हुकूम सोडू? त्याला जेवायला बसवते." रविवारी पार्वतीच्या गच्चीवर पंगत, चाळीतल्या सगळ्या बायका, नाना, वहिनी. गुंद्रुकमध्ये तू जवळा घालणार होतीस. मी भडकले. म्हटलं, मावशी, वर्षभर तू लोकांना पार्वतीच्या हातचं खायला घातलंस. त्यातली एक तरी बाई उठून म्हणाली का, की हिला काढू नका? तू म्हणालीस, "तोंड भरलेलं असलं की माणूस शिवी देत नाय." मी म्हटलं, "तोंड भरलेलं असलं की माणूस बोलत पण नाय मावशी. तेच झालंय."

तू हातातलं लाटणं थांबवलंस. तू! मला वाटलं जिंकले. मग शुक्रवारी फोनवर तू म्हणालीस, रविवारी बोलू. काय बोलणार होतीस? मी शुक्रवारपासून तुझ्या वतीने उत्तरं तयार करतेय आणि स्वतःच खोडतेय. एकही तुझ्यासारखं निघत नाही.

आता शनिवारचं ऐक. तुला हे कोणी सांगणार नाही, आणि सांगितलं तरी गोड करून सांगतील.

तुझ्या घरात चूल पेटलेली नव्हती. सकाळपासून शेजारून पिठलं-भाकरी येत होती, कोणी गिळत होतं, कोणी नुसतं ताट पुढे घेऊन बसलं होतं. नाना भिंतीला टेकून, आदल्या दिवसापासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. कोणी भाकरी पुढे केली की हात हलवायचे. एलीकाका आले नव्हते. शनिवार त्यांचा शब्बाथचा, विश्रांतीचा. ते रविवारी सकाळी उकडलेली अंडी घेऊन आले आणि सचिनला म्हणाले, "आमच्यात पण पहिलं जेवण शेजाऱ्याचंच असतं रे." दुपारी दारात पार्वती. रोह्याहून एकटी आली होती, डोक्यावरून पदर, हातात कापडात गुंडाळलेला मोठा स्टीलचा डबा. नानांनी मान वळवली. सुतकाच्या घरात आलेलं अन्न परतवत नाहीत हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, त्यामुळे कोणाला काही बोलता येईना. सचिनने डबा घेतला, ताटं मांडली. भात आणि वर पातळ रस्सा. झाकण निघाल्याबरोबर तो वास आला. गुंद्रुकचा. गच्चीवरचा. नानांच्या नाकाला तो कळला, मी बघत होते.

मी नानांपुढे ताट ठेवलं. मुद्दाम मीच. त्यांनी हात हलवला नाही. अन्नाकडे बघत राहिले, मग एक घास घेतला. आणि पहिल्याच घासाला शेजारून तुझ्या जाऊबाई बोलल्या, "अगो बाय, ह्यात मीठच नाय!"

कोणीतरी म्हणालं, विसरली असेल. कोणीतरी म्हणालं, परक्या मुलखातली बाई, तिला काय समजतं. मावशी, माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडलं, पण त्याआधी पार्वती बोलली. दारातच उभी होती, आत आलेली नव्हती. तिच्या त्या तोडक्या मराठीत, "विसरली नाय. आमच्यात मरण झाला की मीठ नाय खात. तेरा दिवस. घरचे लोक."

"घरचे खात नसतील," जाऊबाई म्हणाल्या, "पण तुझं काय त्यात?"

"मी पण नाय खाते," पार्वती म्हणाली. "कालपासून."

तू असतीस तर काहीतरी बोलली असतीस. मला फक्त एवढं कळलं की ती बाई तुझं सुतक धरून बसली आहे. नानांच्या चाळीत. महिनाअखेर जी खोली रिकामी करायची आहे, त्या खोलीत.

जाऊबाई मीठ आणायला उठल्या. नाना म्हणाले, "नको आणू."

"अवो नाना, अळणी हाय सगळं."

"असू दे. आमचा बापूस जन्मभर मीठच ओढीत होता. त्याच्या पोरांनी एक दिवस नाय खाल्लं तर काय बिघडतंय?"

आणि जेवले. मिठागरावरच्या माणसाचा पोरगा, अळणी, सगळा भात. एकदा मान खाली गेली आणि खांदे हलले, मग परत घास. पूर्ण संपवून उठले, मोरीकडे गेले आणि स्वतःचं ताट धुवायला लागले. वहिनी धावल्या, "अवो, ठेवा ते! तुम्ही काय करताय?" नानांनी त्यांना कोपराने बाजूला केलं. मावशी, तुझा नियम त्यांना कोणी सांगितला होता? तू सांगितला होतास? ते तुझ्या एकाही पंगतीला आले नव्हते. हे पण मी तुलाच विचारणार होते, रविवारी.

पार्वती गाडी गाठायला निघून गेली होती. मी मोरीच्या दारात उभी राहिले आणि विचारलं. तोंडावर, सगळ्यांसमोर. "नाना, मग खोलीचं काय?"

काय गलका झाला! "दीपे, ही वेळ हाय काय?" "लाज नाय वाटत पोरीला?" "मयताच्या घरात पत्रकं वाटशील आता!" वेळ नसते, मला माहीत आहे. घर रिकामं करायला सांगताना वेळ बघतात का कोणी? मी हलले नाही. नानांनी ताट पालथं घातलं, हात पुसले, आणि ओट्यावरचा पार्वतीचा डबा उचलला. धुऊन ठेवलेला होता.

"हा तिचाच ना?"

"तिचाच. द्या इकडे. उद्या रोह्याला जातेय, देते तिला."

"रिकामा?" नाना माझ्यावर खेकसले. "रिकामा डबा परत करतात काय गो कोण? शिकलीस ना एवढी?"

"मग भरून द्या."

"सुतकाच्या घरातनं काय भरून देणार? तेरावं होऊ दे. मी नेऊन देईन."

मी म्हटलं, "नाना, महिनाअखेर त्याच्या आधी येतेय. तेव्हा खोलीत कोण नसलं तर डबा द्याल कोणाला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे तुझ्यासारखेच आहेत त्यांचे, हे मला त्या क्षणापर्यंत दिसलं नव्हतं. "तेरावं होऊ दे म्हटलं ना," म्हणाले, आणि डबा फळीवर ठेवला, तुझ्या पोळपाटाशेजारी. पोळपाटाच्या पायाला माझं पत्रक अजून चिकटलेलं आहे.

तर मावशी, हे उत्तर झालं का? तू म्हणशील, "सांगितलं की गो त्यानं. आणखी काय दवंडी पिटायची त्यानं?" मी म्हणते, लेखी काही नाही. एका डब्याच्या भरवशावर कोणी चार भिंतींत राहत नाही. डबा दिला की दुसऱ्या दिवशी परत तेच, वास येतो, तक्रार आहे, बघा दुसरीकडे. हे मी खूप चाळींमध्ये बघितलंय. आणि तुझ्या बायका? शनिवारी त्या घरात तुझ्या पंगतीतल्या निदान सहा जणी होत्या. कोणी 'तिला राहू द्या' म्हणालं नाही. माझा मुद्दा तिथेच आहे. तो मी मागे घेत नाही.

पण एक माणूस तोंड भरल्यावर गप्प बसला आणि त्या गप्प बसण्यात काहीतरी हललं, हे पण मी बघितलंय. बघितलेलं नाकारायला मला येत नाही. तुझा त्यात हात आहे की तू नसण्याचा, ते मला ठरवता येत नाही, आणि ठरवायला तू पाहिजे होतीस. जिवंतपणी भांडलो असतो तर दोघींनी मिळून काहीतरी शोधलं असतं. आता सगळं मला एकटीला शोधायला लागणार, हा कुठला न्याय?

तेराव्याला मी येणार आहे. डब्यात काय भरतात ते बघणार आहे, आणि नाना वरसेला निघाले की त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसणार आहे. पिशवीत भाडेकरार असेल, पार्वतीच्या नावाचा, सही करायचा बाकी. तू वैतागशील. वैताग. डबा आधी देऊ, करार मग काढू, एवढं तुझं ऐकते. आधी जेवण. ठीक?

आणि एक. मी पण मीठ सोडलंय. पार्वतीला सांगितलं नाही, कोणालाच नाही, आई आमटीत घालते तर मी नुसता भात घेते. मला असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तुला माहीत आहे. अळणी भात घशाखाली उतरत नाही. सवय अशी की दर जेवणाला हात आपोआप बरणीकडे जातो. झाकणापर्यंत जातो आणि थांबतो. तेव्हा दर वेळी मला कळतं, तू गेलीस, पहिल्यांदाच कळल्यासारखं.